१६२३० वर कोण बदललं?

नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या नामा बाईच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला, फक्त आईकडून येणारा डीएनए) तपासणी झाली आणि ती एल०डी१ या वंशाची निघाली, तर अहवालात साधारण अशी ओळ असते: १६१२९ए, १६१८७टी, १६१८९सी, १६२२३टी, १६२३०जी, १६२४३सी, १६३११सी. आकडा म्हणजे जागा, अक्षर म्हणजे त्या जागी सापडलेला बेस, डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी एक. रकान्याचं नाव ‘म्युटेशन्स’. वाचणारा साहजिकच धरून चालतो की हिच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या ओळीत कधी ना कधी हे सात बदल घडले.

या सातांपैकी सहा तिच्या वंशात घडलेलेच नाहीत. ते घडले दुसऱ्यांच्या वंशात.

एल०डी (वाचायचं एल-झीरो-डी) हा खोए-सान लोकांमधला सर्वांत ठळक मातृवंश. खोए-सान हे नाव अभ्यासकांनी सोयीसाठी जोडून केलेलं आहे: खोएखोए म्हणजे पशुपालक, सान म्हणजे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. त्यात जुहोआन्सी, शुन, नामा, खोमानी असे कितीतरी समाज येतात, आणि त्यांच्या भाषांची कुळंसुद्धा एक नाही, तीन आहेत: क्शा, तू आणि खोए-क्वादी. जिभेच्या टिचकीचे उच्चार तिन्हींत आहेत एवढंच. यांच्यात एल०डीच्या जोडीला एल०के हा दुसरा वंश सापडतो, मुख्यतः उत्तरेकडे, बोट्स्वाना आणि नामिबियाच्या बाजूला. एल०ए, एल०बी, एल०एफ ही भावंडं मात्र बहुतेक पूर्व आफ्रिकेची.

आता त्या सात आकड्यांकडे.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए १६,५६९ अक्षरांचा, गोल. सगळे अहवाल एका ठरावीक क्रमाशी ताडून लिहिले जातात. तो क्रम केंब्रिजमध्ये १९८१ साली वाचला गेला आणि १९९९ साली दुरुस्त झाला. तो ज्या वंशाचा आहे तो एच, म्हणजे युरोपात सर्वांत जास्त सापडणारा. झाडाच्या अगदी शेंड्याजवळची एक डहाळी मापाला घेतली, म्हणून बाकी सगळं झाड ‘बदललेलं’ दिसतं. केंब्रिजला सुरुवात झाली हा योगायोग, पण त्या योगायोगाची किंमत अहवाल वाचणारा प्रत्येक आफ्रिकी माणूस अजून मोजतोय.

झाडाच्या मुळाशी, म्हणजे आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांच्या शेवटच्या सामाईक मातेत, या भागातली (१६०२४ ते १६३८३ या पट्ट्यातली) अक्षरं कोणती होती हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. २०१२ साली तसा पुनर्रचित क्रमही मांडला गेला. मुळाशी होतं: १६१२९ला ए, १६१८७ला टी, १६१८९ला सी, १६२२३ला टी, १६२३०ला जी, १६२७८ला टी, १६३११ला सी. यातल्या १६२२३, १६२३०, १६२७८ आणि १६३११ या चार जागांवर निअँडर्थल मानवातही हीच अक्षरं आहेत. म्हणजे जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे ठरवायला बाहेरचा साक्षीदारही हाताशी आहे.

आता मुळापासून केंब्रिजच्या क्रमापर्यंत चालत जाऊ. पहिल्याच फाट्यावर झाड दोन भागांत फुटतं. एका बाजूला एल०, दुसऱ्या बाजूला उरलेली सगळी मानवजात: एल१ पासून एल६ पर्यंतचे वंश आणि त्यांच्या पोटातून निघालेले आशिया, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातले सगळे. या दुसऱ्या फांदीच्या बुंध्यात १६२३० बदलला, जीचा ए झाला. त्याच फांदीवर पुढे, एल१ आणि एल५ वेगळे झाल्यानंतर, १६१२९, १६१८७ आणि १६१८९ बदलले. एल३ आणि एल४ यांच्या सामाईक पूर्वजात १६२७८ बदलला. एल३च्या मुळाशी १६३११. शेवटी आफ्रिकेबाहेर, आर या फाट्यावर, १६२२३. एच वंश आरच्या पोटातला, म्हणून हे सातही बदल केंब्रिजच्या क्रमात जमा झालेले आहेत.

एल०डी१च्या ओळीत मुळापासून आजपर्यंत या पट्ट्यात दोनच गोष्टी घडल्या. १६२४३ला टीचा सी झाला, आणि १६२७८ला टीचा सी झाला. दुसरा बदल गमतीचा आहे. १६२७८ दोन्हीकडे, एकमेकांशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे बदलला, म्हणून केंब्रिजशी ताडताना तो दिसतच नाही. झालेला बदल लपला आणि न झालेले सहा यादीत आले.

हे फक्त खोए-सान लोकांचं दुखणं आहे असंही नाही. भारतात मायटोकॉन्ड्रियाचा सर्वांत मोठा वंश एम आहे, महाराष्ट्रातही तो भरपूर. एम हा एल३ मधून निघाला, पण आरमधून नाही. म्हणून तुमचा वंश एम असेल तर तुमच्या अहवालात १६२२३टी ‘म्युटेशन’ म्हणून हमखास दिसेल. ती तुमच्या पूर्वजांनी केलेली नाही. ती आर वंशाने केली, उलट दिशेने.

तेव्हा ‘जगातला सर्वांत प्राचीन मातृवंश’ हे शब्द जपून वापरावेत. फाटा जुना आहे, आणि फाट्याला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंचं वय तेवढंच. एल० फांदीनेही स्वतःचे बदल केले: १०४८, ५४४२, ६१८५, ९०४२, ९३४७, १०५८९, १२००७, १२७२०, आणखी काही. हे एल०ए पासून एल०के पर्यंत सगळ्यांत आहेत, आणि केंब्रिजच्या क्रमात किंवा तुमच्या-माझ्या एममध्ये नाहीत. खोए-सान माणूस म्हणजे कुणाचा तरी ‘जिवंत पूर्वज’ नव्हे, फार लांबचा चुलतभाऊ आहे. त्या शेवटच्या सामाईक मातेला दिलेल्या ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ या नावानेही असाच घोळ घातला आहे. १९८७ साली १४७ जणांच्या वारेमधून काढलेल्या डीएनएवर पहिला मोठा अभ्यास आला आणि वर्तमानपत्रांनी हे नाव उचलून धरलं. ती पहिली बाई नव्हती, एकटीही नव्हती. तिच्या काळातल्या बाकीच्या बायकांच्या ओळी कुठे ना कुठे मुलींवाचून संपल्या, इतकंच.

ज्यांना प्रत्यक्ष डेटा हाताळायचा आहे त्यांच्यासाठी आता थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात.

पहिली अडचण सीच्या रांगेची. केंब्रिजच्या क्रमात १६१८४ पासून पाच सी, मग १६१८९ला एक टी, मग चार सी. ज्याच्यात फक्त १६१८९ बदलून सी होतो, त्याच्यात दहा सी सलग येतात. त्यावरून जाताना पॉलिमरेझ, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारा एन्झाइम, घसरतो. कुठल्या प्रतीत नऊ, कुठल्या प्रतीत अकरा, आणि रांगेच्या पुढचा सँगर आलेख (अक्षरं वाचण्याच्या यंत्रातून निघणारा) गचाळ होऊन वाचता येत नाही. मग उलट बाजूच्या प्रायमरने (वाचन जिथून सुरू होतं तो छोटा तुकडा) वाचून दोन्ही तुकडे जोडावे लागतात. एल०डीमध्येही १६१८९ला सी आहे, म्हणून नवखा विद्यार्थी इथेही गचाळ आलेखाची तयारी ठेवतो. पण १६१८७ला जुना टी शाबूत असतो. तीन सी, एक टी, सहा सी. सहा सीवर पॉलिमरेझ घसरत नाही, आलेख स्वच्छ येतो. तेव्हा एल०डी म्हणून दिलेल्या नमुन्यात या जागी गचाळपणा दिसला, तर आधी नळीवरचं लेबल तपासा. नमुन्यांची अदलाबदल अशीच पकडली जाते.

दुसरी अडचण केंद्रकातल्या नकलांची. मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे लाखो वर्षांत अधूनमधून केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन बसले आहेत. केंद्रकात म्युटेशनचा वेग फार कमी, म्हणून त्या नकला जुनी अक्षरं गोठवून ठेवतात. लहान लहान तुकडे वाढवून वाचले तर अशी नक्कल मध्येच घुसते, आणि तिची अक्षरं मुळाजवळची असल्याने एखाद्या साध्या नमुन्यात ‘अतिप्राचीन’ वंश सापडल्याचा भास होतो. उपाय जुनाच पण खात्रीचा: सगळा मायटोकॉन्ड्रिया दोन लांब तुकड्यांत वाढवायचा, प्रत्येकी आठ-नऊ हजार अक्षरांचा, टोकं एकमेकांवर येतील असा. एवढी लांब नक्कल केंद्रकात सापडणं विरळा.

तिसरी, सॉफ्टवेअरची. हॅप्लोग्रेपसारख्या वंश ओळखणाऱ्या साधनात बदलांची यादी टाकताना वाचलेला पट्टा सांगावा लागतो. फक्त १६०२४ ते १६३८३ वाचलं असेल तर तेवढंच लिहायचं. तो रकाना पूर्ण क्रमाचा ठेवला तर प्रोग्राम समजतो की उरलेली सोळा हजार अक्षरं केंब्रिजसारखीच आहेत. एल०डीच्या नमुन्याला मग डझनावारी ‘गायब’ म्युटेशन्सचा दंड बसतो, गुणवत्तेचा आकडा कोसळतो, आणि एखादा भलताच वंश वर येतो. १६५१९, ३०९ आणि ३१५ नंतर घुसलेले सी, १६१८२ आणि १६१८३ यांच्याकडे वंश ठरवताना बघायचंच नाही. त्या जागा इतक्या वेळा बदलतात की त्यांची साक्ष ग्राह्य नाही. आणि एवढ्याशा पट्ट्यावरून एल०डी१ पर्यंत पोचता येतं, खालच्या उपशाखा मात्र संपूर्ण क्रमाशिवाय सांगू नयेत.

चौथी अडचण जुन्या हाडांची. मृत्यूनंतर डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी सी सडतो आणि वाचताना टी म्हणून दिसतो. विरुद्ध धाग्यावर हेच जीचा ए झाल्यासारखं दिसतं. आता आपल्या सात जागा पुन्हा पाहा. १६१८७टी, १६२२३टी आणि १६१२९ए हे तिन्ही अगदी सडण्याच्या दिशेचे आहेत, म्हणजे युरोपियन माणसाच्या हाताचा डीएनए हाडावर लागला आणि सडका दिसला तरी ते येऊ शकतात. १६१८९सी, १६२३०जी, १६२४३सी आणि १६३११सी मात्र उलट दिशेचे, सडून ते तयार होत नाहीत. थोडेच तुकडे हाती असतील तर विश्वास या चारांवर ठेवावा, आणि त्यातही १६२३०वर, कारण ती जागा फारशी हलत नाही.

असं तपासून निघालेली दोन माणसं सांगण्यासारखी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेंट हेलेना बे इथे सापडलेला एक पुरुष, साधारण २,३३० वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या भागात मेंढ्या-गुरं येण्याच्या आधीचा. त्याच्या कानाच्या नळीत हाड वाढलेलं होतं, थंड पाण्यात वर्षानुवर्षं बुड्या मारणाऱ्यांना होतं तसं. समुद्रातलं अन्न काढून जगणारा माणूस. त्याचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रिया २०१४ साली प्रसिद्ध झाला: एल०डी२सी१सी. दुसरा, पूर्व किनाऱ्यावरच्या बॅलिटो बेचा लहान मुलगा, सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा, एल०डी२सी१. आज क्वाझुलू-नाताल म्हटलं की झुलूच डोळ्यांपुढे येतात, पण बांटू भाषा बोलणारे शेतकरी येण्याआधी तिथे कोण होतं हे या मुलाने सांगितलं.

याच मुलाच्या केंद्रकातल्या डीएनएवरून २०१७ साली एक आकडा आला: खोए-सान आणि बाकीच्यांचे पूर्वज ३,५०,००० ते २,६०,००० वर्षांपूर्वी वेगळे व्हायला लागले. लोक हा आकडा उचलून एल०डीला चिकटवतात. ते चूक आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या मुळाचं वय जुन्या, कालनिश्चित सांगाड्यांच्या आधारे म्युटेशनच्या वेगाचं घड्याळ लावून २०१३ साली सुमारे १,५७,००० वर्षं काढलं गेलं, अनिश्चिततेची कक्षा १,२०,००० ते १,९७,०००. मग प्रश्न पडतो की लोकसमूह आधी वेगळे झाले आणि त्यांची सामाईक माता नंतरची कशी? उत्तर दोनपैकी एक, किंवा दोन्ही: वेगळं होणं म्हणजे धाडकन दार लावणं नव्हतं, बायकांची ये-जा चालूच होती, आणि केंद्रकाचं घड्याळ व मायटोकॉन्ड्रियाचं घड्याळ वेगवेगळ्या गृहीतकांवर चालतं.

घड्याळाचा हिशोब कसा होतो याचा अंदाज येण्यापुरतं: बरंच वापरलं गेलेलं एक गणित सांगतं की संपूर्ण मायटोकॉन्ड्रियात सरासरी ३,६२४ वर्षांनी एक म्युटेशन टिकते. दीड लाख वर्षांत सुमारे एकेचाळीस. त्यातले चार-पाच इकडेतिकडे झाले की वयात पंधरा-अठरा हजार वर्षांचा फरक पडतो. शिवाय अलीकडच्या म्युटेशन्समध्ये किंचित घातक अशा काही असतात, त्या अजून निवडीने गाळलेल्या नसतात, म्हणून टोकाकडचा काळ फुगतो. ती दुरुस्ती न करता काढलेलं वय कुणी ठामपणे सांगितलं तर फार मनावर घेऊ नये.

ठामपणाचा कळस २०१९ साली झाला. एल० वंशाच्या १,२१७ मायटोकॉन्ड्रियांवरून एका शोधनिबंधाने सांगितलं की आधुनिक माणसाचं माहेर उत्तर बोट्स्वानातल्या मकगाडिकगाडी-ओकावांगोच्या दलदलीत, दोन लाख वर्षांपूर्वी; तिथून १,३०,००० वर्षांपूर्वी काही जण ईशान्येला आणि १,१०,००० वर्षांपूर्वी काही जण नैर्ऋत्येला गेले. नव्याने वाचलेल्या १९८ क्रमांचं काम मोलाचं आहे, उपशाखांची मांडणी त्यामुळे सुधारली. पण निष्कर्ष पोकळ. आज एखादा वंश जिथे दाट आहे तिथेच तो दोन लाख वर्षांपूर्वी होता असं धरणं म्हणजे आजच्या आडनावांवरून शिवकाळातली गावं ठरवण्यासारखं. आणि हा एकच वंश. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे १,०२४ पूर्वज होतात, मायटोकॉन्ड्रिया त्यातल्या एकीचा. उरलेल्या १,०२३ जणांबद्दल तो गप्प असतो. टांझानियातल्या सांदावे लोकांत एल०डी३ सापडतो. एल०केच्या काही वेगळ्याच शाखा झांबियातल्या बांटूभाषकांत सापडतात, ज्या आजच्या खोए-सान समाजांत नाहीत. म्हणजे हे लोक पूर्वी बऱ्याच मोठ्या मुलखात पसरलेले होते, आणि त्यांच्या ओळखी पुसल्या गेल्या तरी बायकांच्या ओळी दुसऱ्या समाजांत उरल्या.

हे दुसऱ्या समाजांत उरणं दक्षिण आफ्रिकेत तर ठायी ठायी दिसतं. कोसा, झुलू, त्स्वाना भाषकांत एल०डी आहे. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा जीनोम २०१० साली वाचला गेला, त्यांचाही मातृवंश एल०डी निघाला. ‘कलर्ड’ या सरकारी वर्गात मोडणाऱ्या लोकांमध्ये सुमारे ६० टक्के मातृवंश खोए-सान आहेत, तर पितृवंशात त्यांचा वाटा खूपच कमी. बाहेरून आलेला पुरुष आणि इथली बाई, हा केपचा तीनशे वर्षांचा इतिहास या एका तफावतीत आहे. त्याच लोकांत आशियाई एम वंशही सापडतात. डच कंपनी १६५२ नंतर बंगाल, मलबार, कोरोमंडल इथून गुलाम करून केपला आणत होती, त्यात बायकाही होत्या. तिथे एम आणि एल०डी एकाच घरात, सासू-सुनेच्या नात्याने आले असतील.

राहिला संमतीचा प्रश्न, आणि तो शेपटासारखा शेवटी येऊ नये खरं तर. मार्च २०१७ मध्ये सान प्रतिनिधींनी केप टाउनमध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. आफ्रिकेतल्या मूलनिवासी समाजाने स्वतः लिहिलेली अशी संहिता तोवर नव्हती. तिच्यात जीनोम संशोधनाचं नाव घेऊन तक्रार आहे की पुढाऱ्यांना टाळून थेट लोकांकडून नमुने घेतले गेले. डेटाबेसमधून क्रम उतरवून घेणाऱ्याला हे लागू नाही असं वाटतं, पण लागू आहे. नमुना कुठल्या समाजाचा, कुठल्या कामासाठी संमती होती, पुढे वापरायला होती का, हे मूळ निबंधाच्या पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं. नसेल तर तो क्रम बाजूला ठेवावा. आणि संहितेत एक साधी मागणी आहे: बोलणं स्पष्ट भाषेत हवं, विद्वत्तेच्या भाषेत नको.

नामा बाईला तिचा अहवाल परत द्यायचा झाला, तर त्या रकान्यात केंब्रिजशी ताडलेले सात आकडे लिहिता येतात, किंवा मुळाशी ताडलेले दोन: १६२४३सी, १६२७८सी. काही साधनांत यासाठी एकच खूण बदलावी लागते.